काचीगुडा ते शिन्चू

काचीगुडा म्हटले की बाहेरगावच्या मराठी माणसाला रेल्वे स्टेशन आठवते आणि ते रास्तच आहे. १९१६ साली उभी राहिलेली ती घुमटांची इमारत निजामाच्या रेल्वेचे मुख्य ठाणे होती. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडकडची आमची माणसे मनमाडच्या मीटरगेजने यायची ती इथेच उतरायची, ट्रंका आणि लोणच्याच्या बरण्या सांभाळत. नावावरून मात्र नवख्या माणसाला इथे कधीकाळी काचेचे कारखाने असावेत असे वाटते. तसे काही नाही. उत्तरेकडून आलेल्या, भाजीपाला पिकवणाऱ्या काछी लोकांची वस्ती ती काचीगुडा. काचेशी या गावाचा संबंध नाही. पण काच जिच्यापासून होते त्या रेतीशी आमच्या घराचा संबंध तीन पिढ्यांचा आहे. तोच आज वाचकांपुढे ठेवायचा आहे.

पहिली पिढी माझ्या मामांची. काचीगुडा चौरस्त्यावरून बडी चावडीकडे जाताना एका बोळाच्या तोंडाशी त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. दुकान कसले, एक फळी, एक स्टूल आणि भिंतीला लावलेले खणाखणांचे कपाट. व्हॉल्व्हचे रेडिओ यायचे. मागचा पुठ्ठा काढला की आत काचेचे दिवे आणि महिनोन्‌महिन्यांची धूळ. बटण फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट पाहायची आणि मग कुठून तरी विहिरीतून यावा तसा आवाज यायचा. मी आठवीत असताना एक गिऱ्हाईक रुमालात गुंडाळून हातभर लांबीचा नवा ट्रान्झिस्टर घेऊन आले. मामांनी तो उघडला. आत दिवाच नाही! गिऱ्हाईक घाबरून म्हणाले, "उस्ताद, इसका दिल किदर है?" मामांनी चिमट्याने तीन पायांचा, वाटाण्याएवढा एक दाणा दाखवला आणि नंतर मला म्हणाले, "व्हॉल्व्ह गेला तर डोळ्यांना दिसतं रे. हा मेला गेला तर कळायचंसुद्धा नाही."

हा दाणा अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये जन्माला आला. देश स्वतंत्र झाला होता, आम्ही हैदराबादी मात्र अजून निजामाच्याच राज्यात होतो. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली या तिघांना त्याबद्दल १९५६ चे नोबेल मिळाले. जपानात पुढे सोनी म्हणून नावारूपाला आलेल्या कंपनीने १९५५ मध्ये आपला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विकायला काढला. आणि बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे आपल्या बीईएलने, १९६२ मध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर करायला सुरुवात केली. मामांच्या खणात पुढे बीईएलचे 'एसी १२८' शेंगदाण्यांसारखे भरलेले असत. हे तपशिलाने सांगतो, कारण आपण जन्मतःच मागे होतो अशी आपल्याकडे एक समजूत आहे. तसे नव्हते. जपाननंतर सातच वर्षांनी आपल्या कारखान्यातून हे दाणे बाहेर पडत होते.

पुढे जर्मेनियम गेले आणि सिलिकॉन आले, म्हणजे रेतीतले मूलद्रव्य. १९५८ मध्ये जॅक किल्बी आणि पाठोपाठ रॉबर्ट नॉइस या अमेरिकनांनी अनेक ट्रान्झिस्टर एकाच तुकड्यावर करण्याची युक्ती काढली. हीच आजची चिप. ती कशी करतात हे मी कॉलेजात पस्तीस वर्षे फळ्यावर शिकवले, पण मुलांना ते कळायचे बिदरीचे उदाहरण दिल्यावर. आमचे मूळ गाव बीदर जिल्ह्यातले भालकी, त्यामुळे बिदरीची एक सुरई घरात पिढीजात आहे. बिदरीचा कारागीर जस्तात थोडे तांबे घालून भांडे ओततो, घासून गुळगुळीत करतो, मोरचुदाने तात्पुरते काळे करून त्यावर नक्षी आखतो, छिन्नीने ती कोरतो, कोरलेल्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवतो आणि वर आलेली चांदी पुन्हा घासून सपाट करतो. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप दिला की भांडे काळे पडते आणि चांदी तेवढी पांढरी राहते. चिपचेही तसेच. वितळलेल्या सिलिकॉनमधून ओढून काढलेल्या दांड्याच्या पातळ चकत्या करायच्या, त्या आरशासारख्या घासायच्या, प्रकाशाने बदलणारा लेप द्यायचा, नक्षीच्या छाप्यातून प्रकाश टाकायचा, रसायनाने खाचा पाडायच्या आणि त्या भरायच्या. १९९७ मध्ये आयबीएमने चिपमध्ये तांब्याच्या तारा आणल्या. खाच पाडून त्यात तांबे भरायचे आणि वरचे घासून टाकायचे अशी ती रीत. इंजिनियरांनी तिला दमास्कस शहरातल्या जडावकामावरून 'डॅमसीन' असे नाव दिले. त्यांनी बीदर पाहिले असते तर नाव आपले लागले असते! फरक एवढाच की बिदरीवर नक्षीचा एक थर असतो, इथे थरावर थर चढतात. चकती कारखान्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत शेकडो टप्पे आणि दोन-तीन महिने जातात. एका टप्प्यावर धुळीचा कण पडला तर तेवढी नक्षी बाद.

म्हणून या धंद्यात मुख्य आकडा असतो तो चकतीवरच्या शंभर चिपांपैकी चांगल्या किती निघाल्या हा. तो पुस्तक वाचून वाढत नाही, रोज तेच काम करत, चुकत आणि चूक शोधत वाढतो. बिदरीचा उस्ताद पोराला वर्षानुवर्षे नुसते घासायला लावतो, त्यातलाच हा प्रकार. आशियातल्या या उद्योगाचा इतिहास मी जेवढा वाचला त्यात मला हीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ज्यांनी घासण्यापासून सुरुवात केली आणि हात थांबू दिला नाही ते पुढे गेले.

घासणे म्हणजे काय ते सांगतो. मीटरगेजच्या काळात मुंबईला जायचे तर मनमाडला गाडी बदलावी लागे. रूळ अरुंद ते रुंद, त्यामुळे मालही हमालांच्या पाठीवरून या डब्यातून त्या डब्यात जाई. अमेरिकन कंपन्यांनी १९६० च्या दशकात आशियात जे आणले ते हेच मनमाडचे काम. चिप तिकडे करायची, विमानाने हाँगकाँगला आणायची, तिथल्या मुलींनी सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक तारा जोडून तिला कवच चढवायचे आणि ती परत पाठवायची. फेअरचाइल्डने हाँगकाँगला सुरुवात केली, मग सिंगापूर आले. १९७२ मध्ये इंटेलने परदेशातला आपला पहिला जोडणी कारखाना मलेशियात पेनांगला काढला. हमालीच ती. पण त्या हमालीतून फोरमन झाले, फोरमनांतून यंत्रे दुरुस्त करणारे आणि सुटे भाग पुरवणारे झाले.

आपल्याकडे हे सुचलेच नाही असेही नाही. कांडल्याचे निर्यात क्षेत्र १९६५ चे, म्हणजे पेनांगच्या आधीचे. मुंबईत अंधेरीला १९७३ मध्ये 'सीप्झ' निघाले ते खास इलेक्ट्रॉनिक्ससाठीच. तिथेही आपल्या मराठी मुली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. पण १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे दागिन्यांच्या कारखान्यांना परवानगी मिळाली आणि हळूहळू सीप्झ म्हणजे हिऱ्यांचे दागिने असे समीकरण झाले. हिरे बसवण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त ती शिडी दुसऱ्या माडीवर गेली.

दुसरी पिढी माझी आणि माझ्या मामेभावाची. मी भौतिकशास्त्राचा मास्तर झालो, तो ईसीआयएलमध्ये लागला. १९६२ च्या युद्धानंतर सरकारने होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्ससाठी समिती नेमली होती, तिचा अहवाल १९६६ मध्ये आला, त्याच वर्षी जानेवारीत भाभा विमान अपघातात गेले. ट्रॉम्बेला अणुऊर्जेच्या कामासाठी जी इलेक्ट्रॉनिक्सची मंडळी तयार झाली होती त्यांच्यातूनच डॉ. ए. एस. राव यांनी १९६७ मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन उभे केले. त्यांच्या नावाचे नगरच आज त्या बाजूला आहे. १९६९ मध्ये 'टीडीसी-१२' हा संगणक तयार झाला, पुढे 'टीडीसी-३१६' आला, ईसी टीव्ही घरोघर आला. मामेभाऊ पहाटे डबा घेऊन काचीगुड्याहून बसने कुशाईगुड्याकडे जायचा. कंपनीचा त्याला केवढा अभिमान! पण रात्री गच्चीवर बसलो की म्हणायचा, "दादा, पेटी आमची, तारा आमच्या, अक्कलही आमची. आतला मुंगळा तेवढा बाहेरचा." आयसीला तो मुंगळा म्हणत असे. काळा आणि बऱ्याच पायांचा.

हे एकट्या हैदराबादचे नव्हते. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम' महासंगणक केला, तेव्हा आम्हा मराठी माणसांची छाती फुगली होती आणि फुगायलाच हवी होती. तरी त्याच्या पोटातले ट्रान्सप्युटर इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे होते.

आता या कथेतल्या दोन तारखा. दोन्ही ७ फेब्रुवारीच्या. निव्वळ योगायोग, पण मनात घर करून बसलेला.

पहिली १९७४ ची. तैपेई शहरात सोयाबीनचे दूध विकणाऱ्या एका साध्या दुकानात सात जण न्याहारीला जमले. त्यांत अर्थमंत्री सुन युन-श्वान होते आणि अमेरिकेच्या आरसीए कंपनीतले पान वेन-युआन होते. तैवानने चिप करायला शिकावे, त्याला चार वर्षे आणि एक कोटी डॉलर लागतील, असे पान यांनी सांगितले. मंत्र्यांनी होकार दिला. आपल्याकडची उपाहारगृहे यापेक्षा मोठ्या योजनांनी रोज भरलेली असतात, पण तिथे पुढे काम झाले. १९७६ मध्ये आरसीएशी करार झाला आणि तरुण इंजिनियर अमेरिकेला शिकायला गेले. त्यांना मिळालेले तंत्र सात मायक्रॉनचे, म्हणजे तेव्हाच जुने झालेले. ते त्यांनी इतके घासले की १९७७ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या नमुना कारखान्यात चांगल्या चिपांचे प्रमाण मूळ अमेरिकन कारखान्याहून वर गेले. १९८० मध्ये त्यातूनच यूएमसी निघाली, त्याच वर्षी शिन्चू गावी विज्ञान वसाहत झाली आणि १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी टीएसएमसी काढली. नक्षी कोणाचीही असो, आम्ही फक्त छापून देऊ, हा तिचा बाणा. तोपर्यंत चिप आखणाऱ्याने कारखानाही काढायचा अशीच पद्धत होती.

त्याच १९७६ मध्ये, हे लक्षात घ्यावे, भारत सरकारने सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सला मंजुरी दिली. चंदीगडजवळ मोहालीला तो कारखाना झाला आणि १९८४ मध्ये तिथे पाच मायक्रॉनच्या चिप निघू लागल्या. पुढच्या चार-पाच वर्षांत तिथल्या मंडळींनी तो आकडा एका मायक्रॉनच्या आत आणला. मी तेव्हा वर्गात छाती ठोकून सांगत असे की बाळांनो, हे आता आपल्या देशात होते.

दुसरी तारीख ७ फेब्रुवारी १९८९. मोहालीच्या कारखान्याला आग लागली आणि तो जळाला. कारणाबद्दल तर्ककुतर्क पुष्कळ झाले, त्यात शिरण्यात अर्थ नाही. आगी इतरत्रही लागल्या. इंटेलचा पेनांगचा कारखाना १९७५ मध्ये सबंध जळला होता. तो पुन्हा उभा राहिला आणि इंटेलने पेनांग सोडले नाही. मोहालीला पुन्हा उत्पादन सुरू व्हायला १९९७ उजाडले. ज्या धंद्यात दोन-तीन वर्षांत एक पिढी जुनी होते त्यात आठ वर्षे! सॅमसंगने १९८३ मध्ये स्मृती-चिपमध्ये उडी घेतली ती चार वर्षे तोट्यात होती, पण भट्टी विझू दिली नाही. आपल्याकडे आगीने यंत्रे नेली हे नुकसान भरून येण्यासारखे होते. आठ वर्षांत जे हात दुसरीकडे गेले त्यांचे काय? आणि एकच कारखाना असल्यामुळे त्या हातांना जायला शेजारी दुसरे दारही नव्हते. माझ्या मते खरी हानी ती. आगीचे मला तितके वाटत नाही.

आता जरा घरचे लाजिरवाणे. २००६ साली मी निवृत्त झालो. त्याच सुमारास वर्तमानपत्रे एका बातमीने भरून गेली. हैदराबादजवळ महेश्वरमच्या बाजूला बाराशे एकरांवर 'फॅब सिटी' होणार, सेमइंडिया नावाची कंपनी अमेरिकेच्या एएमडीचे तंत्र घेऊन तीन अब्ज डॉलरचा चिप कारखाना काढणार. करारमदार झाले, फोटो आले. ज्या विषयावर आयुष्यभर खडू झिजवला तो कारखाना आपल्या गावाला येतो म्हटल्यावर माझा तोल गेला. ग्रॅच्युइटीच्या पैशातून त्या भागात दोनशे गजांचा प्लॉट घेतला. दलालाने नकाशावर कारखान्याचे फाटक कुठे येणार तेही दाखवले होते. सौभाग्यवती नकाशा पाहून एवढेच म्हणाली, "आपल्याकडे नळ एक दिवसाआड येतो. यांना पाणी कुठून देणार?"

मी हसलो होतो. प्रश्न मात्र बिनतोड होता. चकती प्रत्येक टप्प्यानंतर धुवावी लागते, आणि तीही अशा पाण्याने की ज्यात क्षाराचा कण नाही. मोठ्या कारखान्याला असे पाणी रोज लाखो लिटर लागते. २०२१ मध्ये तैवानात दुष्काळ पडला तेव्हा टीएसएमसीने टँकरने पाणी आणले होते. विजेचे तर त्याहून नाजूक. डिसेंबर २०१० मध्ये जपानात तोशिबाच्या योक्काइची कारखान्यात विजेचा दाब सेकंदाच्या सात-शतांश भागापुरता खाली आला. पुढच्या दोन महिन्यांचा माल वीस टक्क्यांपर्यंत घटेल असे कंपनीला जाहीर करावे लागले. आमच्याकडे वीज गेली की आम्ही मेणबत्ती शोधतो.

पण फॅब सिटी पाण्यावाचून अडली असे म्हणणे सोपे होईल. सरकारी सवलतींचे धोरण यायलाच २००७ उजाडले, भांडवल जमले नाही, २००८ मध्ये जगभर मंदी आली. आणि ज्या एएमडीच्या तंत्रावर सारा डोलारा होता तिने २००९ मध्ये स्वतःचेच कारखाने वेगळे काढून ग्लोबलफाउंड्रीज या नव्या कंपनीला दिले. चिप आखायची आणि छपाई दुसऱ्याकडे, हा शिन्चूचा बाणा तोवर जगाने उचलला होता. महेश्वरमच्या जागेवर पुढे सौर पट्ट्यांची कामे आली. तेही सिलिकॉनच म्हणा, पण कोरीव नव्हे, नुसते घासलेले. माझा प्लॉट आहे तिथेच आहे. मामेभाऊ अजूनही भेटला की विचारतो, "दादा, फाटक लागलं का?"

तिसरी पिढी माझ्या लेकीची. हैदराबादला कारखाना आला नाही, पण चिप आखणाऱ्या कंपन्यांची इथे दाटी झाली. एएमडी आली, क्वालकॉम आली, मॉसचिप तर १९९९ पासून इथलीच. लेक अशाच एका कचेरीत पडद्यावर नक्षी आखते. एका बोटाच्या नखावर मावणाऱ्या कामाला तीनशे माणसे वर्षभर बसतात, हे तिच्याकडून मला कळले. आखलेली नक्षी छापायला जाते शिन्चूला. २०१८ मध्ये कंपनीने तिलाच दोन वर्षांसाठी तिकडे पाठवले. मी आयुष्यभर फळ्यावर काढलेल्या गावात माझी मुलगी नांदू लागली म्हणा ना! ती फोनवर कारखान्याविषयी बोलण्याआधी वाऱ्याविषयी बोलायची. शिन्चूला वारा फार. त्या वाऱ्यावर तिथे तांदळाच्या शेवया वाळवतात. "बाबा, अगदी आपल्या आजीच्या गच्चीवरच्या शेवयांसारख्या," म्हणायची. तिच्या हाताखालच्या तैवानी मुलाचे वडील चिपच्या कारखान्यात आणि काका सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात होते. तीन पिढ्या त्यांच्याही, पण सगळ्या एकाच गावात.

येताना तिने एक बाद झालेली चकती आणली. ती मी बिदरीच्या सुरईशेजारी ठेवली आहे. उजेडात तिच्यावर इंद्रधनुष्य उमटते, म्हणून घरी येणारी मुले आधी तिलाच हात लावतात.

अलीकडे पुन्हा हालचाल आहे. तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प २०२२ मध्ये गुजरातेत गेला, महाराष्ट्रात त्यावर केवढे रण पेटले, आणि २०२३ च्या जुलैत फॉक्सकॉनने त्यातून अंगच काढून घेतले. ज्यासाठी भांडलो ते कोणालाच मिळाले नाही. फॅब सिटीचा प्लॉटवाला म्हणून मला त्या भांडणात बोलण्याचा अधिकार नव्हता. मात्र २०२४ मध्ये धोलेऱ्याला टाटांच्या कारखान्याची पायाभरणी झाली, एक्याण्णव हजार कोटींची, तैवानच्या पॉवरचिपचे तंत्र घेऊन. मोहालीही संपलेली नाही. २००६ मध्ये अवकाश खात्याकडे गेलेल्या त्या प्रयोगशाळेने इस्रोची 'विक्रम' चिप बनवली आणि ती २०२५ च्या सप्टेंबरात दिल्लीत सर्वांसमोर आली. जगाच्या मानाने तंत्र जुने आहे. तैवानी मुले १९७६ मध्ये जे शिकून आली तेही जुनेच होते.

पॉवरचिपचे घर शिन्चूलाच आहे. धोलेऱ्यासाठी घेतलेली मुले शिकायला तिकडेच जातात. आमच्या बोळातला, मामांच्या दुकानाच्या जागी आता ज्यांचे झेरॉक्सचे दुकान आहे त्यांचा थोरला, निघाला तेव्हा सल्ला विचारायला आला होता. मी त्याला चकत्या, भट्ट्या, रसायने असे बरेच काही सांगायला लागलो. लेक आतून चहा घेऊन आली आणि तेलुगूत त्याला म्हणाली की हे सगळे ते शिकवतीलच, तू आधी चांगली कानटोपी घे, तिथला वारा फार बोचतो.